देठ जाड आहे

२ मार्च

दादा,

नमस्कार वगैरे लिहीत नाही. रुसलेल्या माणसाला नमस्कार केला की तो आणखी फुगतो, हे मी तुझ्याकडे बघूनच शिकले. पाच वर्षांनी पत्र आलं म्हणजे कोणी गेलं की काय, असं तुला वाटेल. कोणी गेलेलं नाही. कारखान्याचं छप्पर जागेवर आहे, रंगारी काकांचा खोकला जागेवर आहे आणि माझी जीभही.

काम आलंय. नाट्यगृहाचा पडदा. जुना इतका विटलाय, की त्याच्यामागे राजवाडा आहे असं कितीही सांगितलं तरी प्रेक्षकांना गोदामच आठवतं. नवा पडदा हाताने छापलेलाच हवा, असं त्यांच्या समितीने ठरवलं आणि व्यवस्थापक बाई स्वतः आपल्याकडे आल्या. मी पुढची खुर्ची पुसली, काकांना शर्टाची बटणं लावायला सांगितली आणि थाटात आजोबांच्या वेलीचा ठसा काढून कापडावर उमटवून दाखवला. बाईंनी चष्मा वर-खाली केला.

"ही माझ्या चादरीवर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या आईच्याही होती. छान आहे हो. पण मला कधी न बघितलेलं काहीतरी द्या."

आता न बघितलेलं मी कुठून आणू? नक्षी तू काढायचास, मी कोरायचे. कारखाना सोडून जाताना तू नक्षीचे कागद नेलेस आणि मला ठसे ठेवलेस. आणि जायच्या आधी, माझी पहिलीवहिली नक्षी दोन बोटांत धरून, गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "छिन्ने, तू आपली कोर. काढणं तुझं काम नाही." त्यावर मी जे बोलले ते ऐकू जाऊ नये म्हणून काकांनी नळ सोडून ठेवला होता. तरी ऐकू गेलंच.

एप्रिलच्या मध्यावर नमुना दाखवायचाय. नाही जमला तर बाई मशीनवर छापलेला पडदा मागवणार आहेत, गुळगुळीत निळा. काम गेल्याचं मला वाईट वाटेल, पण त्याची भीती नाही वाटत. कामं येतात-जातात. भीती एकाच गोष्टीची आहे, की तू त्या दिवशी खरं बोलला असशील.

नक्षी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. पाठवलीस तर परत करणार नाही, एवढंच.

छिन्नी


१९ मार्च

दादा,

वहिनीचा फोन आला होता. म्हणते, "ह्यांनी तुझं पत्र उघडलंसुद्धा नाही गं." आणि पुढच्याच वाक्याला म्हणते, "पण निळा पडदा म्हणजे अगदीच दवाखान्यासारखा दिसेल, नाही?" वहिनीला खोटं बोलता येत नाही, हा तिचा एकच दोष. बाकी बाई लाखात एक आहे, नाहीतर तुझ्याबरोबर टिकली नसती.

माझं म्हणशील तर सगळी बोंब आहे. रोज सकाळी कोरा कागद समोर ठेवते. दुपारपर्यंत त्याच्यावर कुठलीतरी चादर उतरते. कमळ काढलं तर ते तुझं कमळ. पाखरू काढलं तर ते आजोबांचं, तीच वाकडी मान. एकदा डोळे मिटून पेन्सिल फिरवली, म्हटलं काहीतरी तर नवीन येईल. काका मागून बघत होते. "हे काय, सांडलेली चहापत्ती?" म्हणाले. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आज तर कहर झाला. मागच्या अंगणात, धुण्याच्या टाकीपाशी, पाणी तुंबलं. रंगाचं पाणी घोट्यापर्यंत. बघते तर काय, ती जांभळट फुलांची रानवेल, आई जिला कायम उपटून फेकायची ती, पाइपाला वेढे घालून वर चढलीये आणि खाली तिच्या मुळांनी तोंड बुजवून टाकलंय. आधीच डोकं तापलेलं. साडी खोचली, विळा घेतला आणि गेले. म्हटलं, मुळं नंतर, आधी वरची वेल सोडवू.

वेढे सोडवायला हात घातला. सुटेना. ओढली तसतशी आणखी आवळायला लागली. मी म्हटलं हिच्या आयला, मी आयुष्यभर वेली कोरल्या, वेढा कुठून सुटतो ते मला तू शिकवणार? परत ओढली. परत आवळली. मग रागारागाने हात उलट्या बाजूने फिरवला, आणि दादा, लोण्यासारखी सुटली रे.

मी तशीच उभी राहिले. पाणी घोट्यावर, विळा हातात. मग आत जाऊन आजोबांची चादर घेऊन आले आणि त्या पाइपाशेजारी धरली.

आपली वेल उलटी चढते.

खरी वेल समोरून बघितली की डावीकडून उजवीकडे वर जाते. आपली उजवीकडून डावीकडे. आता तू म्हणशील, ही एक वेल अशी असेल. मलाही तसंच वाटलं. म्हणून कुंपणावरची बघितली, पलीकडच्या लाँड्रीच्या तारेवरची बघितली, शाळेच्या फाटकावरची बघायला गेले तर शिपाई म्हणाला, "बाई, काही हरवलंय का?" सगळ्या जणी एकाच बाजूने चढतात. एक आपलीच शहाणी.

कसं झालं असेल ते तुझ्या लक्षात आलंच असणार. ठशावर कोरतो त्याच्या उलटं कापडावर उमटतं. कारखान्याच्या नावाचा ठसा करताना आपण अक्षरं उलटी कोरतो, कारण नाव उलटं उमटलं तर शेंबडं पोरही हसेल. पण फुलापानांसाठी कोण एवढा कुटाणा करतंय? आजोबांनी वेल बघूनच काढली असणार. मग कागद सुलटाच लाकडावर चिकटवला आणि कोरून मोकळे झाले. त्यांच्यावरून बाबांनी काढल्या, बाबांवरून तू. सत्तर वर्षं आपण लोकांना उलट्या वेलीवर झोपवतोय आणि एकालाही स्वप्नात काही टोचलं नाही!

मी त्या चिखलात बसून इतकी हसले, की काका धावत आले. त्यांना वाटलं पाय घसरला.

पाणी अजून तुंबलेलंच आहे. वेल मी उपटली नाही.

छिन्नी


२८ मार्च

दादा,

पाइप दुसऱ्या बाजूने फोडून पाणी काढून दिलं. काका म्हणाले, "एका गवतापायी पाइप फोडला?" मी म्हटलं, हो.

हल्ली सकाळचा चहा मी टाकीपाशी घेते. खोकं उलटं करून बसते आणि बघते. नुसतं बघायचं म्हणजे किती अवघड काम आहे ते तुला सांगून पटणार नाही. पहिले दोन दिवस मला हिरवा रंग सोडून काही दिसलं नाही. मग एकदम दिसायलाच लागलं. वेलीचं कोवळं टोक असतं ना, ते हवेत चाचपडत गोल फिरतं. चहा घ्यायला बसले तेव्हा भिंतीकडे होतं, कप विसळून आले तर माझ्याकडे तोंड. आंधळ्याने काठी फिरवावी तसं फिरतं, आणि काही लागलं की धरतं. कळी मिटलेली असते तेव्हा छत्रीसारखी पिळलेली असते, आणि तो पीळ वेलीच्या उलट! पानाला भोकं असतात. आपण कधी पानाला भोक कोरलं? अळी खाते तीसुद्धा शिस्तीत, शिरा सोडून. आणि देठ! आपण देठ काढतो केसासारखा, नाजूक, सुंदर. हिचा चांगला दोरखंडासारखा आहे, कारण तिला वर सगळं कुटुंब पोसायचंय.

परवा मी तिची परीक्षा घेतली. एक टोक हलकेच सोडवून आपल्या चादरीसारखं उलटं गुंडाळलं आणि दोऱ्याने सैल बांधून ठेवलं. म्हटलं बघू, आमच्या घराण्याचा मान राखते का. आज सकाळी बघते तर दोऱ्यातून अंग काढून घेतलेलं आणि परत आपल्या वाटेने चढायला लागलेली. कोणावर रुसली नाही, फुगली नाही. तिचं तिला ठाऊक होतं, बस.

त्यानंतर आत येऊन कागद घेतला. दादा, दुपारी कागदावर चादर नव्हती. वेल होती. माझी होती. मी रडले, ते पण लिहून टाकते, नाहीतर काका तुला सांगतीलच.

छिन्नी


१६ एप्रिल

दादा,

पास! पास! पास!

सुरुवातीपासून सांगते, कारण त्यात माझी फजिती आहे आणि तुला ती आवडेल. नक्षी झाली. मोठ्ठी, सबंध पडदाभर. खालून टाकी, पाइप, भिंतीची भेग, आणि त्यावरून वर वर जाणारी वेल, भोकांसकट, वाळक्या पानांसकट, आणि एका कोपऱ्यात अळी. लाकूड निवडलं. आणि इतकी हरखले होते, की पहिला ठसा जेवणखाण सोडून कोरला. असा ठसा मी जन्मात कोरला नव्हता. कापडावर मारला, उचलला.

वेल उलटी!

अरे, जिने आजोबांची चूक पकडली, घरादाराला ऐकवली, तिने स्वतः कागद सुलटाच चिकटवला! हाताला सांगायचंच राहिलं. काकांनी फक्त नळ सोडला. मी म्हटलं, "बंद करा, आज मी स्वतःलाच शिव्या देणार आहे, आणि त्या मला ऐकायच्या आहेत."

मग कागद पालथा घातला आणि पहिल्यापासून सुरुवात. हात ऐकेचना. तीस वर्षं एका बाजूला वळलेलं मनगट ते. प्रत्येक वेढ्याला छिन्नी जुन्या वाटेला जायची आणि मी तिला धरून आणायची. अडलं, की उठून मागे जायची, वेलीवर बोट फिरवून यायची आणि बोटातली वळणं विसरायच्या आत लाकडावर उलटी करून कोरायची. तसाच सगळा नमुना कोरला.

काल समिती आली. पाच जण. त्यातल्या एका गृहस्थांनी कापडाला नाक लावलं. "पानांना भोकं का आहेत?"

"अळीने खाल्लीयेत."

"पण काढायची कशाला? सौंदर्य म्हणून काही..."

"अळीला विचारा, मी फक्त बघितलं."

काका खोकले. मला वाटलं, झालं, आला निळा पडदा. तर व्यवस्थापक बाई कापडाजवळ गेल्या आणि वेलीवरून बोट वर वर नेत राहिल्या, थेट टोकापर्यंत. मग माझ्याकडे वळल्या. "मी हे रोज बघते," म्हणाल्या. "रोज बघते, आणि कधी बघितलंच नव्हतं."

हीच तर मागणी होती की नाही?

नमुन्याचा एक तुकडा सोबत पाठवतेय. शेवटी ठसे कोण कोरतं आणि नक्षी कोण काढतं, एवढं बघून ठेव. उत्तराची अपेक्षा नाही. अगदी नाही.

छिन्नी


९ मे

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं. खोटं कशाला बोलू, पाकीट फोडायच्या आधी हात पदराला पुसले.

तीन शब्द. "देठ जाड आहे."

ना 'छिन्ने', ना सही. धन्य आहे तुझी!

आता ऐक काय झालं ते. कार्ड वाचल्या वाचल्या मी उठले, बारीक छिन्नी घेतली आणि मोठा ठसा मांडीवर ओढला. डोक्याने विचारसुद्धा केला नाही. दादा म्हणाला देठ जाड, म्हणजे जाड. आयुष्यभर असंच झालंय ना? छिन्नी देठावर टेकली होती. एक ठोका मारला असता की संपलं, कोरलेलं लाकूड परत भरत नाही.

तेवढ्यात काका म्हणाले, "पोरी, चहा निवतोय मागे." आणि मला टाकी आठवली.

कपाटातून दोरा काढला. बाबांची पद्धत, आठवते ना? मापाला पट्टी लावायची नाही. दोरा वस्तूभोवती गुंडाळायचा, जिथे टोक भेटेल तिथे गाठ मारायची, मग दोरा सरळ करून गाठीपर्यंतची रुंदी ठशाशी जुळवायची. "पट्टी खोटं बोलते, गाठ नाही," म्हणायचे. मी गेले, वाकले, वेलीच्या देठाला दोरा गुंडाळला, गाठ मारली. आत येऊन ठशाशी लावली.

बरोब्बर, दादा. एका धाग्याचाही फरक नाही.

म्हणून कळवते, की देठ जाड आहे आणि जाडच राहील. वेलीने तसा काढलाय. तुझं काही म्हणणं असेल तर तिच्याशी बोल, ती टाकीपाशी असते.

तुझा राग आला नाही, हे मात्र खरं. इतकी वर्षं तू म्हणशील ते बरोबर की चूक, यातच माझी सगळी ताकद जायची. परवा दोरा हातात धरला आणि एकदम हलकं वाटलं. विचारायला दुसरं कोणीतरी आहे.

एकवीस जूनला पडद्याचा पहिला प्रयोग आहे. तिसऱ्या रांगेत, माझ्या शेजारची खुर्ची तुझ्या नावाने ठेवलीये. येतोस तर ये. नाही आलास तर तिच्यावर माझी पर्स ठेवीन, तीही बरीच फुगलेली असते.

छिन्नी


२१ जून, रात्री घरी आल्यावर

दादा,

नाही आलास. वहिनीने दुपारीच फोन करून सांगितलं, "हे कामासाठी बाहेरगावी गेलेत गं." आवाज जरा विचित्रच होता तिचा, पण मी घाईत होते.

असो. पर्स बसली खुर्चीवर.

तुला सांगणार नव्हते, पण सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही. सगळे बसले. दिवे गेले आणि फक्त पडद्यावर उजेड पडला. अख्खं सभागृह गप्प. इतकं गप्प, की मला वाटलं, काहीतरी चुकलं. मी काकांचा हात धरला. ती वेल, अरे, त्या उजेडात खरंच चढायला लागली! खालून वर, डावीकडून उजवीकडे, दोन माणसं उंच, चार माणसं उंच, आणि तिचं ते शेवटचं टोक वर अंधारात काहीतरी शोधत राहिलेलं. आणि पुढच्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आपल्या मागच्या दारची!"

आणि टाळ्या. नाटक सुरू व्हायच्या आधी टाळ्या! थांबेचनात. आतल्या नटांना वाटलं आपली एन्ट्री चुकली, राजाने दाढी धरून पडद्यातून डोकं बाहेर काढलं, तर लोक आणखीच हसले. व्यवस्थापक बाईंनी मला उभं केलं. मी, जिला काढणं येत नाही ती, उभी राहिले. काका शेजारी बसून रडत होते आणि खोकल्याचं नाव सांगत होते.

मला येतं, दादा. काढता येतं. हे तू नाही ठरवलंस, त्या समितीनेही नाही. आज लोकांनी टाळ्या वाजवल्या नसत्या तरी ते खरंच होतं, फक्त मला इतका आनंद झाला नसता.

एकच राग आहे. इतक्या लोकांनी बघितलं आणि ज्याने बघायला हवं होतं त्याच्या जागी पर्स.

झोपते आता.

छिन्नी


२२ जून, सकाळी

दादा,

कालचं पत्र अजून पेटीत टाकलं नव्हतं. बरं झालं. आता दोन्ही एकाच पाकिटातून येतील.

रोजच्यासारखा चहा घेऊन टाकीपाशी गेले. खोकं जागेवर नव्हतं, वेलीच्या अगदी पुढ्यात सरकलेलं होतं. चिखलात बुटांचे ठसे, मागच्या फाटकापासून आलेले आणि तिकडेच परत गेलेले. मला वाटलं चोर. म्हटलं, इथे काय नेणार, गवत?

मग दिसलं. देठाला एक दोरा गुंडाळलेला. पांढरा. माझा दोरा निळा आहे आणि तो आत कपाटात आहे. या दोऱ्याला गाठ होती, आणि ती डाव्या हाताने मारलेली गाठ होती, अशी उलटी बसणारी. साऱ्या जगात अशी गाठ मारणारा एकच डावखुरा माझ्या ओळखीचा आहे.

म्हणजे काल तू सभागृहात होतास. मागे कुठेतरी, अंधारात, उभा. पडदा बघितलास, आणि मग बहिणीला भेटायचं सोडून, माणूस सकाळी सकाळी माझ्या अंगणात वाकून वेलीचं माप घेऊन गेला! तुला काय म्हणू मी? मी इथे खोक्यावर बसून एकटीच हसतेय आणि रडतेय आणि काका लांबून विचारतायत, पाय घसरला का.

दोरा मी सोडलेला नाही. तिला त्रास होत नाही, सैल आहे. तू मापाला आलास तरी तिला दुखणार नाही असं बांधून गेलास, तेही बघितलं मी.

तर आता हा मागच्या फाटकाचा धंदा पुरे. पुढच्या दाराने ये, वहिनीला घेऊन ये, येताना आजोबांचे कागद आण. सगळे पालथे घालून परत कोरायचेत, वेली सुलट्या करायला मला एकटीला जन्म पुरणार नाही. चहा टाकते. भांडायचं असेल तर भांडू, नळ दुरुस्त करून घेतलाय.

फक्त त्याआधी, दारातूनच, एका शब्दात सांग.

जाड आहे ना?

छिन्नी